कुत्र्याच्या गाठी सुजल्यात? स्टिरॉइडच्या आधी सुईची तपासणी

प्रश्न असा आहे: लॅब्रॅडॉर कुत्री, वय ७ वर्षं, वजन ३० किलो. पट्टा बांधताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या, नंतर मागच्या पायांतही सापडल्या. ताप नाही, खाणंपिणं नेहमीसारखं. गोचीड तापाचं किट पॉझिटिव्ह आलं म्हणून डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) लिहून दिलंय. डॉक्सी सुरू झालंय, प्रेडनिसोलोन अजून दिलेलं नाही. दुसरे डॉक्टर म्हणतात आधी गाठीत सुई घालून तपासा. घरच्यांना भीती, की सुई लावली तर गाठ पसरेल.

आधी उत्तर, मग कारणं. डॉक्सी चालू राहू द्या. प्रेडनिसोलोन थांबवून ठेवा आणि सुईची तपासणी उद्या-परवाच करून घ्या. पहिल्या डॉक्टरांनाही तसं सांगा, लपवाछपवी नको. सुईने या गाठी पसरत नाहीत. मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये पोटातून सुई घालणं टाळतात, कारण तिथे सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत. लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, शरीरातला पाझरलेला द्रव म्हणजे लसिका गाळणाऱ्या गाठी) यांचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमा, मुळातच लसिकेतून आणि रक्तातून फिरणारा आजार आहे. सुईने त्यात काही भर पडत नाही.

आता खटकणारी गोष्ट. गाठी दोन्ही बाजूंना, एकाहून जास्त ठिकाणी, आणि कुत्री मात्र ठणठणीत. घरचे याच शेवटच्या गोष्टीवर निश्चिंत होतात. पण जंतुसंसर्गाने सगळ्या ग्रंथी एवढ्या सुजल्या असत्या तर जनावर बहुधा मलूल दिसलं असतं. मोठ्या, न दुखणाऱ्या, सगळीकडच्या गाठी आणि वरवर निरोगी कुत्रं, हे लिम्फोमाच्या सुरुवातीचं नेहमीचं चित्र आहे. म्हणून तो आहेच असं नाही, पण तो नाही हे सिद्ध होईपर्यंत स्टिरॉइड नको.

प्रथम हाताला लागतंय ते खरंच लसिका ग्रंथी आहे का ते पाहू. निरोगी कुत्र्यात बाहेरून हमखास सापडणाऱ्या जोड्या तीनच. पहिली जबड्याच्या कोपऱ्याखाली. दुसरी खांद्याच्या सांध्याच्या किंचित वर, फऱ्याच्या हाडाच्या पुढच्या कडेला, स्नायूखाली दबलेली. तिसरी मागच्या पायात, गुडघ्याच्या मागे, मांडीचे स्नायू जिथे दुभंगतात त्या खोबणीत. काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथी बारीक कुत्र्यात लागतात, गुबगुबीत लॅबमध्ये सहसा नाही. ३० किलोच्या कुत्र्यात गुडघ्यामागची ग्रंथी साधारण १ ते १.५ सेंमी असते, खांद्यापुढची थोडी लांबट आणि चपटी.

सगळ्यात जास्त फसगत जबड्याखाली होते. तिथे लाळग्रंथीही असते, आणि अनेकजण तीच चाचपून घाबरतात. लाळग्रंथी मागच्या बाजूला, एकच, गोलसर, जरा मऊ असते आणि वाढ पूर्ण झाल्यावर तेवढीच राहते. लसिका ग्रंथी तिच्या पुढे आणि खाली, दोन-तीन लहान लहान, बोटाखाली सटकणाऱ्या. त्यामुळे 'जबड्याखाली गाठ' एवढ्यावर निर्णय घेऊ नये. गुडघ्यामागे हात घालून पाहावा. तिथे चरबीचा गोळा असतो, तो चिमटीत दबतो आणि त्याला नेमकी कड नसते. ग्रंथीला कड लागते. काखेच्या मागे बरगड्यांवर लोंबणारा मऊ गोळा बहुतेक वेळा चरबीची गाठ निघतो. मानेखाली मधोमध पाणी भरल्यासारखी मऊ, न दुखणारी सूज असेल तर लाळ साठलेली असू शकते.

तपासताना कुत्र्याच्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी डावी-उजवी बाजू एकदम चाचपा. फरक आपोआप कळतो. मग मोजा. हार्डवेअरच्या दुकानात प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर मिळतो, त्याने सहाही ग्रंथींची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, तारखेसह, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा. 'जरा वाढलीय असं वाटतं' यापेक्षा '२४ वरून ३१ मिमी' हे डॉक्टरांना कितीतरी उपयोगी. मात्र दिवसातून दहा वेळा दाबत बसू नका. चोळणं, शेकणं, लेप लावणं यातलं काहीही करू नका.

एकच गाठ आणि सगळ्या गाठी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकाच भागातली ग्रंथी सुजली तर ती ज्या भागाची लसिका गाळते तिथे शोधायचं. मागच्या पंजात काटा किंवा कुसळ घुसलं, बोटांमध्ये चिघळलं, की गुडघ्यामागे अवधाण येतं. जबड्याखाली एका बाजूला सूज असेल तर तोंड उघडून दाढा, हिरड्या, जीभ, टाळू पाहायचा. किडलेली दाढ निघते, क्वचित तोंडातला ट्यूमर. खांद्यापुढच्या ग्रंथीसाठी पुढचा पाय, मान आणि कान. काखेतलीसाठी छाती आणि पुढची स्तनं. जांघेतलीसाठी मागची स्तनं, वृषणाची पिशवी, जननेंद्रिय. नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन मादीची जांघ सुजली तर शेपटीकडून पुढे सगळी स्तनं एकेक करून चाचपायलाच हवीत, कारण स्तनाचा कॅन्सर आधी तिथे पोचतो. लस टोचल्यावर त्या बाजूची ग्रंथी थोडी वाढते आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप बसते, त्याची चिंता नको.

पिल्लांचं गणित वेगळं. तीन आठवडे ते चार महिने वयाच्या पिल्लाचं थोबाड सुजलंय, ओठांवर-पापण्यांवर फोड आलेत, कान ओले झालेत आणि जबड्याखालच्या ग्रंथी फुगून फुटायला आल्यात, तर तो पिल्लांचा सेल्युलायटिस असू शकतो. त्यात जंतू मुख्य नसतात, रोगप्रतिकारशक्तीच उसळलेली असते आणि प्रेडनिसोलोन हाच इलाज असतो, तोही काही आठवडे. नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलं तर पिल्लाच्या तोंडावर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणजे स्टिरॉइडशी वैर नाही. फक्त खरूज, म्हणजे डेमोडेक्स, आहे का हे त्वचा खरवडून आधी पाहावं लागतं, कारण अंगभर पसरलेल्या खरजेतही ग्रंथी सुजतात आणि तिथे स्टिरॉइड दिलं तर कुत्रं पार बिघडतं.

आता गोचीड ताप. आपल्याकडे सगळ्या ग्रंथी सुजण्याचं ते खरोखरच नेहमीचं कारण आहे, म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. तपकिरी गोचीड कुत्र्याला चावते आणि एर्लिकिया केनिस हा जिवाणू रक्तात सोडते. तो पांढऱ्या पेशींमध्ये राहतो. ताप, भूक मरणं, प्लेटलेट घसरणं, हिरड्यांवर लाल ठिपके, घोळणा फुटणं, प्लीहा वाढणं आणि जोडीला सुजलेल्या ग्रंथी. बबेसिया या दुसऱ्या गोचीड तापात ग्रंथींपेक्षा रक्त कमी होणं आणि गडद लघवी जास्त जाणवते. हेपॅटोझून ही तिसरी भानगड, ती चावण्याने नाही तर कुत्र्याने गोचीड चाटून गिळल्याने होते.

अडचण किटची आहे. दवाखान्यातलं झटपट किट बहुधा अँटिबॉडी दाखवतं. अँटिबॉडी म्हणजे हा जंतू कधीतरी अंगात शिरला होता. उपचारानंतरही त्या कित्येक महिने, कधी वर्षं राहतात. गोचिडी अंगावर वागवणाऱ्या कुत्र्यांच्या मुलखात किट पॉझिटिव्ह येणं हे फार काही सांगत नाही, आणि त्याच कुत्रीला लिम्फोमा नाही असं तर अजिबात सांगत नाही. दोन्ही एकदम असू शकतात. जंतू आत्ता आहे का हे पाहायचं तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या रक्ताची पीसीआर, शक्यतो डॉक्सीचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. तुमच्याकडे डॉक्सी सुरू झालंय, त्यामुळे आता निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येणार नाही.

त्यापेक्षा हिमोग्राम नीट वाचा. प्लेटलेट साधारण पावणेदोन लाखांच्या वर असाव्यात. मशीन कमी दाखवत असेल तर काचपट्टीवर मोजून घ्या; प्लेटलेटचे पुंजके झाले की मशीन फसतं. तुमच्या कुत्रीला ताप नाही आणि प्लेटलेटही भरपूर असतील तर एवढ्या मोठ्या गाठींचं खापर एर्लिकियावर फोडणं कठीण आहे. त्या तापातल्या ग्रंथी वाढतात, पण सहसा दुप्पट-तिप्पट. लिंबाएवढ्या होणं नेहमीचं नाही.

डॉक्सीचा डोस दिवसाला किलोमागे १० मिग्रॅ, म्हणजे ३० किलोला ३०० मिग्रॅ, एकदम किंवा दोन भागांत, पूर्ण २८ दिवस. जेवणासोबत द्या आणि वरून सिरिंजने थोडं पाणी पाजा, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे भाजल्यासारखी जखम होते. दूध-दह्यासोबत नको. खऱ्या एर्लिकियात ताप एक-दोन दिवसांत उतरतो, भूक परत येते, प्लेटलेट आठवड्याभरात चढू लागतात, ग्रंथी दोन-तीन आठवड्यांत बसतात. पण 'डॉक्सीचा महिना होऊ दे, मग बघू' हा सल्ला ऐकू नका. उपचार न झालेल्या जलद लिम्फोमात कुत्र्याकडे बहुधा एक-दीड महिनाच असतो. तो महिना वाट पाहण्यात घालवायचा नाही.

स्टिरॉइडवर इतका जोर का, ते सांगतो. प्रेडनिसोलोन लिम्फोसाइट (लसिका ग्रंथींतल्या पांढऱ्या पेशी) मारतं, निरोगी आणि कॅन्सरच्या दोन्ही. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत गाठी निम्म्या होतात, कुत्री खाऊ लागते आणि घरात सगळे म्हणतात, औषध लागू पडलं. इथेच घात होतो. त्या दिवसांत घेतलेल्या सुईच्या नमुन्यात मेलेल्या पेशींचा चिखल येतो आणि निदान हुकतं. गाठी काही आठवड्यांत परततात, तेव्हा उरलेल्या पेशी औषध बाहेर फेकायला शिकलेल्या असतात. मग केमोथेरपीचा परिणाम कमी आणि थोडाच काळ टिकतो. एर्लिकियात प्लेटलेट धोकादायक घसरल्या आणि रक्तस्राव होतोय, तर थोडे दिवस स्टिरॉइड देतात, त्याला कारण असतं. 'सूज आहे म्हणून' हे कारण नव्हे.

सुईची तपासणी चांगली होणं मात्र हातावर अवलंबून आहे, त्यामुळे काय पाहायचं ते माहीत असू द्या. भूल लागत नाही. जबड्याखालची ग्रंथी सोडून गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची निवडायची, कारण तोंडात सतत जंतू असतात आणि जबड्याखालच्या ग्रंथी त्यामुळे कायम थोड्या चेतलेल्या असतात. नमुने दोन वेगवेगळ्या ग्रंथींतून हवेत. ग्रंथी अंगठा आणि तर्जनीत पक्की धरून २२ किंवा २३ गेजची सुई, सिरिंज न जोडता, आत घालायची आणि बाहेर न काढता सहा-आठ वेळा मागेपुढे करायची. ओढून काढण्याची गरज नाही. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात, जोरात ओढलं की फुटतात आणि रक्तही मिसळतं. फार मोठ्या ग्रंथीचा मधला भाग मेलेला असू शकतो, म्हणून सुई कडेच्या भागात. मग ५ मिलिच्या सिरिंजमध्ये हवा भरून ती सुईला जोडायची, आणि नमुना काचपट्टीवर फुंकायचा. वर दुसरी पट्टी ठेवून, अजिबात न दाबता, सरकवायची. सगळ्यात जास्त नमुने या एका हालचालीत वाया जातात: पट्टी दाबली की पेशींची केंद्रकं रेघोट्यांसारखी ओढली जातात आणि 'निदान करता येत नाही' असा अहवाल येतो.

चार ते सहा पट्ट्या काढून हवेत झटकून वाळवायच्या, दोन न रंगवता राखून ठेवायच्या. नाव पेन्सिलने, पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. फ्रिजमध्ये ठेवू नका, दव धरतं. आणि फॉर्मलिनच्या बाटलीसोबत एकाच डब्यात तर कधीच पाठवू नका. बाटली बंद असली तरी वाफेने पट्टी रंग घेत नाही. गावात पॅथॉलॉजिस्ट नसेल तर वाळलेल्या पट्ट्या कुरियरने जातात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत विकृतिशास्त्र विभाग आहेत. आधी फोन करून नमुना कसा आणि कधी पाठवायचा ते विचारा. माणसांच्या लॅबमध्ये दिलं तर कुत्र्याच्या पेशी वाचणारं कुणी आहे का याची खात्री करा. सोबतच्या चिठ्ठीत कोणती ग्रंथी, किती मिमी, किती दिवसांची, कोणती औषधं चालू, हे हवंच.

अहवालात 'रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिलं तर लहान लिम्फोसाइट बहुसंख्य आहेत आणि ग्रंथी कशाशी तरी झुंजतेय. तेव्हा गोचीड ताप, त्वचा, दात यांच्याकडे वळायचं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर असतील तर ग्रंथीलाच संसर्ग. तिथल्या नसलेल्या पेशी दिसल्या तर दुसरीकडचा कॅन्सर पोचलाय. अर्ध्याहून जास्त पेशी मोठ्या लिम्फोसाइट असतील, म्हणजे केंद्रक लाल पेशीच्या दुपटीहून मोठं, तर लिम्फोमा. अशा वेळी बहुतेकदा सुईवरच निदान पक्कं होतं. मधलीच एक गोम आहे: लहान पेशींचे संथ लिम्फोमा सुईत 'रिअ‍ॅक्टिव्ह'सारखेच दिसतात. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये त्यातला एक प्रकार खास आढळतो. म्हणून अहवाल सौम्य आला तरी मूळ कारण सापडलं नाही आणि गाठी दोन-तीन आठवड्यांत उतरल्या नाहीत तर अख्खी ग्रंथी काढून बायोप्सी करावी. या संथ प्रकारांत कुत्री फारसा उपचार न करताही दीर्घकाळ जगतात, त्यामुळे तो फरक ओळखणं फायद्याचंच.

लिम्फोमा निघाला तर पुढचे प्रश्न दोन: बी पेशींचा की टी पेशींचा (लिम्फोसाइटचे हे दोन प्रकार), आणि रक्तात कॅल्शियम किती. टी प्रकारात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडण्याचा धोका जास्त. घरी याचा सुगावा पाण्यावरून लागतो. दिवसभराचं पाणी मापाच्या जगने मोजा. किलोमागे १०० मिलिच्या वर, म्हणजे तुमच्या कुत्रीला ३ लिटरहून जास्त, तर ते नेहमीचं पिणं नाही. सोबत हिमोग्राम, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी.

उपचारात चार औषधांचा मिळून केमोथेरपीचा कार्यक्रम सगळ्यात परिणामकारक: व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन, सुमारे पाच-सहा महिने. बी प्रकारात बहुसंख्य कुत्र्यांच्या गाठी पूर्ण बसतात आणि सरासरी आयुष्य साधारण वर्षभर मिळतं. टी प्रकारात कमी. नुसत्या प्रेडनिसोलोनवर एक-दोन महिने. पूर्ण बरं होणं विरळाच, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगायला हवं. डोस माणसांपेक्षा सौम्य असतात, लॅबचे केस सहसा जात नाहीत, मिशा जातात. प्रत्येक डोसनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी तळाला असतात. औषधानंतर दोन-तीन दिवस लघवी-शी हातमोजे घालून उचला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम करूच नये. एवढं परवडत नाही, झेपत नाही, असं ठरलं तर प्रेडनिसोलोनवर आनंदाने ठेवणं हाही रास्त निर्णय आहे. तो निदान झाल्यावर, समजून घेतलेला असावा.

दुखतंय असं वाटून माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात. प्लेटलेट कमी असताना मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकही जोखमीचं, आणि प्रेडनिसोलोनसोबत तर या गटातलं कुठलंच वेदनाशामक नको.

समजा हे वाचेपर्यंत प्रेडनिसोलोनचे एक-दोन डोस गेले असतील, तरी सुई लावून घ्याच, चिठ्ठीत तारीख आणि डोस लिहा. दहा-पंधरा दिवस झाले असतील तर मनाने एकदम बंद करू नका, उतरता डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि एक प्रसंग असा, की तिथे थांबायला वेळच नसतो: गाठींनी घसा दाबला, श्वासाला घरघर आहे, गिळता येत नाही किंवा तोंड सुजलंय, तर रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठा. तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावंच लागेल. डॉक्टरांना एवढंच सांगा, की इंजेक्शनआधी श्वासाची परिस्थिती झेपत असेल तर गुडघ्यामागच्या ग्रंथीत सुई लावून चार पट्ट्या वाळवून ठेवा. त्याला दोन मिनिटं लागतात, रंगवायचं सकाळी पाहता येतं.